आपल्या घरचे नभोवाणी केंद्र

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी वर्षातील सभासदांच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाने इंटरनेटवर स्वतःचे मराठी नभोवाणी केंद्र सुरू करावे, असा प्रस्ताव आपल्या तरुण सभासदांनी आजच्या सभेपुढे मांडला आहे. त्यावर चार शब्द बोलण्याचे काम कार्यकारिणीने मजकडे सोपविले. वास्तविक या विषयात माझा अधिकार कोणता? मी अभियंता नाही, गायक नाही. कलाशाखेचा साधा पदवीधर आहे आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली आहेत. त्यात आणखी एक अडचण अशी की, १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतील आठव्या नियमाप्रमाणे पूर्वपरवानगीवाचून सरकारी नोकराला वृत्तपत्र किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यम चालविता येत नाही, त्याच्या व्यवस्थापनात भागही घेता येत नाही. बोलता मात्र येते. ती मते आपली स्वतःची आहेत एवढे सांगितले म्हणजे झाले. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, ही मते माझी आहेत, सरकारची नव्हेत. मंडळाच्या गोधड्यांविषयी मी पुढे जे बोलणार आहे, त्यावर सरकारचे काही मत असेल असे मला वाटतही नाही.

प्रस्तावाला विरोध करणाऱ्या ज्येष्ठांचे म्हणणे मी लक्षपूर्वक ऐकले. ते म्हणतात, आता आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या मोबाइलवर मिळतात. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर ही केंद्रे लखनौत बसून स्वच्छ ऐकू येतात. मग आपण हा उद्योग कशाला मांडावा? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः सकाळी दाढी करताना पुणे केंद्र लावतो आणि पानशेत धरण किती भरले ते समजून घेतो. पण पुणे केंद्र मला महानगरातल्या आजींचा पाय मोडला हे सांगत नाही. अलीगंजमधल्या कोणाच्या घरी चकलीची सोऱ्या जास्तीची आहे आणि चौकातल्या कोणाला ती हवी आहे, हेही सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. हजार-दीड हजार किलोमीटरवरून येणारी मराठी आपल्याला ऐकायला मिळते. आपली मराठी कोणाला ऐकवायला मात्र आपल्याजवळ जागा नाही. वर्षातून गणपतीचे दिवस, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि कोजागरी एवढ्या प्रसंगी आपण भेटतो आणि पुन्हा गोमतीच्या दोन तीरांवर पांगतो.

स्वतःचे नभोवाणी केंद्र ही कल्पना आजची नाही. १९३५ साली म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरात अवघ्या तीस वॅटचे प्रक्षेपण यंत्र बसवून केंद्र सुरू केले. घराचे नाव ‘विठ्ठल विहार’. त्या केंद्राला त्यांनी दिलेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने घेतले. म्हणजे ज्या संस्थेला आपण सरकारी म्हणून ओळखतो, तिचे नाव एका प्राध्यापकाच्या घरातून आलेले आहे. आपल्या लखनौचे केंद्र १९३८ च्या एप्रिलात सुरू झाले, ते याच्या नंतर.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सोबत्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कोठून तरी, एवढेच पत्त्यादाखल सांगितले जाई. डॉ. राममनोहर लोहिया या कामात पाठीशी होते. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत शहरभर फिरत असल्यामुळे यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. कधी चौपाटीजवळ, कधी गिरगावात. या रेडिओने आष्टी आणि चिमूरच्या अत्याचारांची हकीगत सांगितली आणि बलियात काय घडत होते तेही सांगितले. आपल्यापैकी जी मंडळी विदर्भातून येऊन उत्तर प्रदेशात स्थायिक झाली, त्यांच्या दोन्ही घरांची बातमी त्या एकाच लहरीवर होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेखवाडीत पोलीस दार फोडून आत शिरले, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागलेली होती. ती बंद करण्यास उषाबहेनांनी नकार दिला. पुढे चार वर्षांची सजा, येरवड्याचा तुरुंग. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्या गेल्या. अलीकडे, २०२४ मध्ये, त्यांच्यावर हिंदी चित्रपटही आला. तरुण मंडळींनी तो पाहिला असेल.

हा रेडिओ चालला जेमतेम तीन महिने. पण त्या तीन महिन्यांत, यंत्र आज कोणत्या घरात आहे याचा नेम नसताना, ठरलेल्या वेळी आवाज यावा म्हणून ही मुले जिवाचे रान करीत होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण यापुढे मला आपल्याच मंडळाची एक हकीगत सांगावयाची आहे आणि ती तितकीशी भूषणावह नाही.

२०२० सालचा गणेशोत्सव आपणां सर्वांना आठवतो. महामारीमुळे मांडव पडला नाही. एका सभासदाच्या घरी मूर्ती बसवून दोघा तरुणांनी संगणकाला ध्वनिग्राहक जोडला आणि दोन्ही वेळची आरती इंटरनेटवरून घरोघर पोचविली. उत्सव संपला तरी लोकांची मागणी राहिली, म्हणून दर रविवारी सायंकाळी सात वाजता अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू झाला. कोणी कथा वाचली, कोणी पेटी वाजविली, कोणी आजारी माणसांची खुशाली कळविली. चाळीसएक घरे ऐकत असत. मी तेव्हा मंडळाचा कार्यवाह होतो. असे अकरा रविवार झाले, अकरावा दिवाळीतला.

बाराव्या रविवारी एका मुलाची परीक्षा होती आणि दुसरा नोकरीवर रुजू होण्यासाठी बंगळूरला गेला होता. एक रविवार चुकल्याने काय बिघडते, असा विचार मी केला. कोणाला कळविलेही नाही. सात वाजून दहा मिनिटांनी महानगरातून एका आजींचा दूरध्वनी आला. वय एक्याऐंशी. मुलगा परदेशी, घरात त्या एकट्या. ऐकायला कमी येई म्हणून त्या मोबाइल पितळेच्या पातेलीत उभा ठेवीत, म्हणजे आवाज घुमून मोठा होई. त्यांनी विचारले, “अरे, माझा रेडिओ बिघडला की काय? पातेली बदलून पाहिली, तरी लागत नाही.” मी म्हणालो, “आजी, रेडिओ बिघडलेला नाही. आज कार्यक्रमच नाही. पुढच्या रविवारी नक्की.” पुढच्या रविवारीही झाला नाही. त्यानंतर कधीच झाला नाही.

याच आजी १९५८ साली एकोणीस वर्षांच्या असताना लग्न होऊन चारबाग स्थानकावर उतरल्या होत्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. किती, ते त्यांनाही सांगता येत नसे. एक आठवली की मागून दुसरी येते, असे म्हणत. या ओव्यांचे आणि त्यांच्या पहिल्या दिवसांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण करून घेईन, असा शब्द मी त्यांना दिला होता. जानेवारीत कचेरीचे निरीक्षण आले, फेब्रुवारीत अंदाजपत्रक, मार्चमध्ये वर्षअखेर. एप्रिल २०२१ मध्ये लखनौवर काय कोसळले ते मी पुन्हा सांगत नाही. आजी त्या महिन्यात गेल्या. त्यांच्या आवाजाचे एक वाक्यदेखील आपल्यापाशी नाही.

म्हणून, ‘केंद्र सुरू करणे सोपे आहे’ असे आमचे तरुण मित्र म्हणतात तेव्हा मी त्यांच्याशी सहमत होतो आणि मनातून थोडा घाबरतोही.

सोपे आहे ते कसे, हे प्रथम सांगतो. कारण ज्येष्ठांच्या मनात मोठमोठ्या मनोऱ्यांचे चित्र आहे. जुन्या नभोवाणीत प्रक्षेपण यंत्र लहरी आकाशात सोडते आणि त्या एकाने ऐकल्या काय नि लाखाने ऐकल्या काय, यंत्राला त्याचे ओझे नसते. इंटरनेटवर तसे नाही. तेथे प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र धागा सोडावा लागतो. बोलण्याचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने पाठविला तर तो पुरेसा स्वच्छ येतो. पन्नास श्रोते असतील तर पन्नास धाग्यांचे मिळून सेकंदाला ३.२ मेगाबिट होतात. हे ओझे आपल्या घरच्या जोडणीवर न टाकता भाड्याच्या सर्व्हरवर टाकावयाचे. आपण त्याला एकच धागा द्यायचा, वाटप त्याने करायचे. त्यासाठी लागणारी ‘आइसकास्ट’सारखी प्रणाली फुकट मिळते. ऐकणाऱ्याला अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला साधारण चौदा मेगाबाइट खर्ची पडतात, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या लग्नाच्या चित्रफितीहून कमी. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील विद्यार्थ्यांच्या केंद्राने १९९४ च्या नोव्हेंबरात आपला कार्यक्रम प्रथम इंटरनेटवर सोडला, तेव्हा ते नवल होते. आज आठवीतला मुलगा ते करतो.

एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. हा आवाज श्रोत्याकडे काही सेकंद उशिरा पोचतो आणि प्रत्येकाकडे सारख्याच उशिराने पोचतो असेही नाही. २०२० साली शेजारशेजारच्या दोन घरांत आरती लागे, तेव्हा एका घरी ‘जय देव’ होऊन गेलेले असे आणि दुसऱ्या घरी व्हायचे असे. तेव्हा घड्याळ लावून घेण्यासाठी आपले केंद्र उपयोगी पडणार नाही.

खर्च कशावर करावा? यंत्रांच्या यादीत तरुणांनी बऱ्याच वस्तू लिहिल्या आहेत. माझे मत असे की, एक बरा ध्वनिग्राहक घ्यावा आणि बाकीचे पैसे तूर्त राखून ठेवावेत. आवाज बिघडतो तो यंत्रामुळे कमी आणि खोलीमुळे अधिक. रिकाम्या खोलीत भिंतींवरून घुमणारा आवाज कानाला शिणवितो. त्यावर उत्तम उपाय म्हणजे आपल्या घरच्या गोधड्या. तिन्ही भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी घालावी, पंखा बंद करावा. लखनौच्या मे महिन्यात पंखा बंद करून अर्धा तास बोलणे ही तपश्चर्या आहे, हे मान्य आहे. पण पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणातून काढता काढता दुप्पट घाम येतो. वीज जाण्याचा भरवसा नसल्याने कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावा. आरती आणि एखादा विशेष प्रसंग तेवढा प्रत्यक्ष.

आता परवान्याचा प्रश्न. आपल्या लहानपणी नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. वडिलांच्या कपाटातले ते पुस्तक मला अजून आठवते. लहरी सरकारच्या, असाच सर्वांचा समज. तो समज बदलणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्यात म्हटले आणि तो लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी न्यायाधीश होते. खटला क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेला. क्रिकेटने या देशावर केलेल्या उपकारांत हा एक धरावयास हरकत नाही. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या नोव्हेंबरात सामाजिक संस्थांना लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवडला २००८ साली ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले, ते या धोरणामुळे. दुष्काळी मुलखातल्या बायाबापड्या तेथे स्वतःच्या बोलीत बोलतात आणि गातात. अशा केंद्रासाठी मनोरा लागतो, केंद्र सरकारची मंजुरी लागते. इंटरनेटवरील केंद्राला लहरीच नकोत, म्हणून तो परवानाही नको. तरी बातम्यांच्या वाटेला आपण जाऊ नये. त्यासाठी २०२१ चे वेगळे नियम आहेत आणि मंडळात राजकारणावर बोलू नये हा आपला नियम त्याहून जुना आहे.

खरी अडचण गाण्यांची आहे. तरुणांच्या प्रस्तावात पहिल्या महिन्याच्या कार्यक्रमांचा तीन चतुर्थांश भाग नाट्यगीते आणि भावगीते यांनी भरलेला मी पाहिला. बंधूंनो, ही गाणी आपली लाडकी असली तरी आपल्या मालकीची नव्हेत. १९५७ च्या कायद्याने कवीच्या शब्दांवर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आणि ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. तबकडी जुनी झाली म्हणून मोकळी झाली असे समजू नये. तिच्यातले शब्द आणि चाल यांचा हिशेब निराळा. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे. २०१२ मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या आधारे नभोवाणीला ठराविक शुल्क भरून गाणी वाजविता येतात; पण ही सवलत इंटरनेटला लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही ते कायम केले. तेव्हा गाण्यांसाठी हक्कदारांकडून रीतसर परवानगी आणावी लागेल, नाहीतर गाणी सोडावी लागतील.

यावर एका मित्राने मला विचारले, “गाणी वगळली तर राहिले काय?” मी म्हणालो, आपण राहिलो. जात्यावरच्या ओव्या कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. आपल्या घरच्या आठवणी कोणी विकत घेतलेल्या नाहीत. सांगणाऱ्याची संमती मात्र एका कागदावर घ्यावी. आवाज ज्याचा त्याचा असतो आणि कायदाही तसेच म्हणतो.

परंतु केवळ आठवणी आणि ओव्या एवढ्यावर केंद्र चालेल, अशा भ्रमातही मी नाही. या बाबतीत आपल्यापुढे एका थोर मराठी माणसाचा अनुभव आहे आणि तो याच प्रांताशी जोडलेला आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. लोकसभेवर ते निवडून आले ते आपल्या शेजारच्या सुलतानपूरमधून आणि नंतर मुसाफिरखान्यातून. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा. ज्या भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभे केले आणि ज्या रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षे चालविले, त्यांच्याच परंपरेला केसकर मानीत. हलकी चित्रपटगीते नकोत म्हणून त्यांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी मंत्रिमहोदयांशी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांविषयी मला आदर आहे. त्यांनी शास्त्रीय संगीताला घरोघर नेले. पण आमचे काही ज्येष्ठ सभासद ‘केंद्रावर शुद्ध मराठीच हवे’ असा आग्रह धरतात, तेव्हा मला सिलोनचा काटा दिसू लागतो.

शुद्ध म्हणजे कोणाचे? चौकात सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी आपली कुटुंबे खानापूर, आटपाडी आणि माणच्या बाजूची. मंडळात प्रथम आली तेव्हा आपण कचेरीवाल्यांनी त्यांच्या बोलण्याला किती नावे ठेवली, हे मला ठाऊक आहे. मीही त्यांत होतो. म्हसवडचे केंद्र ज्या बोलीत बोलते, तीच बोली लखनौच्या चौकात रोज बोलली जाते आणि आपल्या स्टेजवर मात्र ती विनोदी नाटकातच ऐकू येते. आणि आपली मुले? परवा माझा भाचा धापा टाकीत आला व म्हणाला, “मामा, माझी बस छुटून गेली.” माझी बहीण त्याला सुधारू लागली, तसा तो गप्प झाला आणि पुढचे सारे हिंदीत बोलला. ‘छुटून’ म्हणणारा मुलगा मराठीत बोलत होता, तो सुधारल्यावर बोलेनासा झाला. अशा मुलाला ध्वनिग्राहकासमोर बसवावे आणि मधे बोलू नये. आजीशी बोलता बोलता गाडी सुटते की छुटते, हे त्याचे त्याला कळेल. न कळले तरी गाडीची हकीगत तर आपल्याला कळेल.

प्रस्तावात चोवीस तास केंद्र चालू ठेवण्याची कल्पना आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. संगणक चोवीस तास तबकड्या लावील, ऐकणारे कोण? मुंबईचे पहिले केंद्र २३ जुलै १९२७ रोजी मोठ्या थाटाने एका खाजगी कंपनीने सुरू केले आणि तीन वर्षे पुरी होण्याआधी, १९३० मध्ये, ती कंपनी बुडाली. उत्पन्न थोडे आणि व्याप मोठा. आपण आठवड्याला अर्धा तास द्यावा, पण तो न चुकता द्यावा. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल. आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते झाली. घरोघर लोक त्या दिवसाची वाट पाहत, हे आपण आपल्या आईवडिलांकडून ऐकले आहे. ज्या अयोध्येची ती कथा, ती येथून तीन तासांच्या वाटेवर आहे. आपण जाऊन येऊन करतो. ते काव्य आपल्या हातून होणार नाही. पण ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हा शब्द वर्षभर पाळणे हे काही कविप्रतिभेचे काम नव्हे. तेवढे आपल्याला जमावे.

त्यासाठी मी काही सुचवितो. पहिला कार्यक्रम प्रसारित करण्यापूर्वी बारा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊन कपाटात तयार असावेत, म्हणजे परीक्षा, बदली, ताप, लग्न यांपैकी काहीही आले तरी तीन महिने खंड पडणार नाही. केंद्र मंडळाच्या नावावर असावे आणि चालविणाऱ्यांत आम्ही सरकारी नोकर नसावे. विद्यार्थी, गृहिणी, व्यापारी आणि निवृत्त मंडळी यांनी ते चालवावे. किमान चौघांना सर्व यंत्रे हाताळता यावीत, त्यांत दोघी भगिनी असाव्यात आणि एकजण चौकातला असावा. सर्व्हरचे परवलीचे शब्द एकाच मुलाच्या डोक्यात न राहता सीलबंद लिफाफ्यात कोषाध्यक्षांकडे असावेत. २०२० साली बंगळूरला गेलेल्या मुलाबरोबर आपले परवलीचे शब्दही गेले होते, हे येथे पुष्कळांना माहीत नाही. आणि कार्यक्रम काही कारणाने होणारच नसेल, तर त्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येक एकट्या राहणाऱ्या सभासदाला कोणीतरी दूरध्वनी करावा. हे शेवटचे काम नियमांच्या आड येत नाही, म्हणून ते मी माझ्याकडे मागून घेतो.

ध्वनिमुद्रणाची सुरुवात कोणापासून करावी, याची यादी मी केली आहे. वयाने सर्वांत मोठे प्रथम. आज मंडळात पंचाहत्तरी ओलांडलेले चौदा सभासद आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी ‘आम्हाला काय सांगता येणार’ म्हणून नकार दिला आहे. त्या दोघांकडे मी चहाला जाणार आहे. चारबागेला उतरल्यावर पहिल्या रात्री कोठे झोपलात, एवढेच विचारणार आहे. एका आजोबांनी जाता जाता सांगितले की, त्यांनी पहिल्या वर्षी गणपतीची मूर्ती गोमतीकाठच्या मातीची स्वतः केली होती आणि सोंड तिसऱ्या दिवशी गळून पडली. पुढे काय केले, ते मी विचारले नाही, ध्वनिग्राहकासमोरच विचारीन.

पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या मागल्या खोलीत ठेवली आहे. पाच गोधड्या जमल्या आहेत, आणखी चार हव्यात. ज्या घरी असतील त्यांनी शनिवारीच आणून द्याव्यात आणि आत नाव शिवलेले असावे, म्हणजे परत करताना घोटाळा होणार नाही. पंखा बंद राहील. ज्यांना शक्य असेल त्यांनी येताना हातपंखे आणावेत.